आंतरपाटाचं मामाकडचं टोक

माझ्या लग्नातली सगळ्यात भारी गोष्ट नवरदेव न्हाई, मामा हाय. नवऱ्याला हे मी तोंडावर सांगितलंय अन् त्याला ते मान्य हाय. लग्नाचा व्हिडिओ लावला की आमी दोघं हळद पुढं ढकलतो, वरात पुढं ढकलतो, साहेबांचं भाषण तर पुढं ढकलतोच ढकलतो, अन् आंतरपाट धरला त्या जागी येऊन थांबतो. तिथलंच सांगायचंय मला. पर थांबा, आधी मामाच्या हाताचं सांगितल्याबिगर त्यात काई मजा न्हाई.

मामा म्हंजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. नेकनूरला त्याची पिठाची गिरणी हाय. पाच-सहा वर्षांमागं त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग लई. बाया दळण घ्यायला आल्या की मामाच म्हणायचा, "माज्या हातात डबा द्या, पीठ चाळूनच मिळंल." बाया हसायच्या, मामा हसायचा, अन् मामी आत जाऊन डोळे पुसायची. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी काई दिवस भागलं, मग गोळ्यापण हाताचं ऐकंनात.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते. लग्नात आंतरपाट कुठं गुरुजी धरतात, कुठं भावकीतलं कुणी धरतं. आमच्याकडं मामा लोक धरतात. एक टोक नवरीच्या मामाकडं, एक नवरदेवाच्या मामाकडं. मामा लोकांना हा मान लई मोठा वाटतो, नवीन कपडे त्याच्यासाठीच शिवतात ते.

तर माझ्या ताईच्या लग्नात मामानं टोक धरलं अन् पहिली मंगलाष्टक सुरू झाली न झाली तोच तो कपडा असा हलायला लागला की त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक नाचायलाच लागलं. ताईच्या सासरची एक आत्याबाई मोठ्यानं म्हणली, "अगं बया, आंतरपाटाला वारं लागलं का काय!" सगळा मांडव हसला. मामापण हसला. हसत हसतच त्यानं ते टोक माझ्या दादाच्या हातात दिलं अन् मागं आचाऱ्यांकडं जाऊन बसला. जेवायलासुदिक बाहेर आला न्हाई. मी ताट घेऊन गेलते तर मला म्हणला, "माय, तुज्या लग्नात धरतो बघ. तवर ह्या हाताचं काईतरी करतो."

अन् केलं की त्यानं! पुण्याला जाऊन मेंदूचं ऑपरेशन करून आला. आमच्या गल्लीत कुणी दाढ काढायची म्हणलं तरी चार दिवस विचार करतंय, अन् हा माणूस डोक्यात तारा घालून आला. डोक्यात दोन बारीक तारा, त्या कातडीखालून कानामागनं, मानेतनं खाली येतात अन् डाव्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली एक चपटी बॅटरीची डबी बसवलेली हाय. वरून बघितलं तर छातीवर छोटं टेंगूळ दिसतं. ती डबी मेंदूला बारीक बारीक करंट देत राहते अन् हात गप बसतो.

मशीन चालू करायच्या दिवशी मी बरोबर गेलते. डॉक्टरांनी रिमोटवर काईतरी दाबलं, मामापुढं पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला अन् म्हणले, उचला. मामानं उचलला. एक थेंब न्हाई सांडला! मामानं तो पिला, म्हणला अजून एक द्या. तो पिला, म्हणला अजून एक. शेवटी मामी म्हणली, "आवो, पुरं करा आता, गाडी गावापर्यंत सारखी थांबवावी लागंल." आमी तिघंबी हसतोय अन् रडतोय, काय कळंनाच.

मग तिथल्या नर्सबाईंनी काळजी काय काय घ्यायची ते सगळं सांगितलं. मामा मान हलवत होता, पर त्याचं सगळं ध्यान त्याच्या हाताकडं. गाडीत विचारलं तर त्याला एक गोष्ट आठवंना. मामीला अन् मला मात्र सगळं पाठ. तेव्हापासून मी घरातली सेफ्टी इन्चार्ज झाले ती झालेच. मी बीडवरनं रोज फोन करायची. "मामा, मोबाइल कुठल्या खिशात हाय?" "डाव्या." "काढ!" छातीवरच्या डबीला मोबाइल चिकटून ठेवायचा न्हाई म्हणलंय ना. मग मामीनं सरळ त्याच्या सगळ्या शर्टांचे डावे खिसेच उसवून टाकले. गिरणीची मोटर चालू असली की हातभर लांब राहायचं, छाती लावून वाकायचं न्हाई. वेल्डिंग चालू असंल तिथं उभं राहायचं न्हाई. मोठं लोहचुंबक जवळ येऊ द्यायचं न्हाई, त्यानं मशीन बंद पडू शकतं. मशीनचं कार्ड कायम खिशात, अर्थात उजव्या. रिमोट मामीच्या पर्समधी.

नेकनूरच्या न्हाव्याची तर लई पंचाईत झाली. त्याची जुनी सवय, दाढी झाली की डोक्यावर थापा मारून चंपी करायची अन् शेवटी मान धरून कट्कट् मोडायची. मामाला ते लई आवडायचं. आता डोक्यावर थापा बंद, मान मोडणं बंद, कारण तारा तिथूनच जातात. मामीनं दुकानात जाऊन त्याला समजावलं तर तो रुसूनच बसला. "वहिनी, मग मी करू काय? नुसती दाढीच करू?"

एकदा मात्र खरंच जिवावरचं होतं. मामाचा खांदा धरला होता म्हणून तो दवाखान्यात शेक घ्यायला गेला. तिथं आत खोलवर उष्णता सोडणारं शेकाचं मशीन असतंय. ते ह्या पेशंटला कधीच, कुठंच लावायचं न्हाई. त्याची ताकद तारेतनं मेंदूत जाऊ शकते, आतमधी भाजू शकतं. नर्सबाईंनी सगळ्यात जास्त वेळा हेच सांगितलं होतं. मामाला आपलं सारखं सगळ्यांना सांगायची लाज वाटते, तो गप पडून राहिला. पर मामी बरोबर होती! ती मशीन अन् मामाच्या मधी उभीच राहिली. "आमच्या ह्यांच्या डोक्यात तारा हायत! आधी कार्ड वाचा, मग पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावा, मग काय ते करा." तिथल्या ताईंनी कार्ड वाचलं, मशीन लगेच बाजूला केलं अन् हाताचा साधा व्यायाम शिकवला. एमआरआयचंबी तसंच, दाताच्या डॉक्टरचंबी तसंच. कुणी अंगाला काई लावायच्या आत सांगायचं. लाजायचं न्हाई. मामाला हे मी इतक्या वेळा ऐकवलंय की तो मला म्हणतो, "तुज्या नवऱ्याची मला आत्ताच कीव येती."

नवऱ्याला तर साखरपुड्यापासनं सगळं पाठ केलंय मी. बाकीच्या पोरी फोनवर काय बोलतात काय माहिती, आमी मॅग्नेटवर बोलायचो.

तर माझं लग्न ठरलं. वडवणीला, मंगल कार्यालयात. अन् आमच्या भागात लग्न म्हंजे काय काय असतंय तुमाला माहितीच हाय. डीजे, जनरेटर, अन् साहेब. साहेब म्हंजे पुढारी. पुढारी आल्याबिगर अन् त्यानं माइक धरल्याबिगर आमच्याकडं लग्न लागत न्हाई, मग मुहूर्त जाऊ द्या कुठं जायचा तिकडं. ह्या साहेबांना बंदोबस्त, म्हंजे कार्यालयाच्या दारात मेटल डिटेक्टरचं चौकटीसारखं दार लागणार. अन् ते मामाला चालत न्हाई.

हळदीच्या दिवशी हातभर हळद लावलेली मी अन् मामा त्या दाराजवळ गेलो. एक पोलीसदादा दार जोडत होते. मी म्हणलं, "दादा, उद्या ह्यांना ह्या दारातनं नेऊ नका, बाजूनं घ्या. हातानं तपासा. अन् ती हातातली दांडी छातीवर फिरवू नका."

"कावून?"

"त्यांच्या छातीत बॅटरी हाय. डोक्यात वायर हाय."

पोलीसदादांनी हातातलं काम सोडलं. "ताई, माणसाच्या अंगात बॅटरी हाय म्हणता, वायर हाय म्हणता, अन् साहेबांच्या कार्यक्रमात न तपासता आत सोडा म्हणता?"

मामाला घाम फुटला. मला मात्र इतकं हसू आलं ना! मी कार्ड दाखवलं. मामानं वरचं बटन काढून टेंगूळ दाखवलं अन् म्हणला, "हात लावून बघा, पर दाबू नका साहेब." पोलीसदादांनी बोट लावून बघितलं, मग मामाचा हात बघितला, सरळ, गप. मग हळूच विचारलं, "माझ्या आईचापण हात हालतो. लई दुखतंय का हो ऑपरेशन?" झालं! दोघं तिथंच पायरीवर बसले. मी अर्ध्या तासानं चहा घेऊन गेले तर मामा, जो कुणाला काई सांगायला लाजतो तो मामा, पोलीसदादाला रिमोट कसा धरायचा ते सांगत होता.

डीजेवाला जास्त ताठ निघाला. मी म्हणलं, मोठे बॉक्स स्टेजपासनं लांब ठेव, त्यात मोठमोठे मॅग्नेट असतात, मामा जवळनं जाणार हाय. तो म्हणला, "ताई, बॉक्स लांब ठेवले तर नाचायला मजा काय?" मी म्हणलं मामाच्या डोक्यात वायर हाय. तर म्हणतो, "मग मामालाच स्टेजवर ठेवा की, डीजे कशाला आणला?" पर ठेवले त्यानं. पार गेटपाशी ठेवले.

फेटेवाल्याला मामाचा फेटा सैल बांधायला सांगितलं. जनरेटर मागच्या वावरात. मी असं सगळं करून झोपले अन् मला वाटलं, आता काई राहिलं न्हाई.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत नटून बसलेली. मला न्यायला मामा आला. गुलाबी फेटा, नवा पांढरा शर्ट, छाती पुढं. मला म्हणला, "चल माय." त्यानं माझा हात धरला. कसला घट्ट, गरम, गप हात! आमी निघालो. सगळे उठून बघतायत, फोटोवाला उलटा चालतोय, अन् आमी स्टेजच्या पायरीपाशी पोचतो न पोचतो तोच दारात गलका, "साहेब आले, साहेब आले!" सगळी माणसं तिकडं वळली. गुरुजींनी आमाला तिथंच थांबवलं. साहेब स्टेजवर चढले, हार झाले, माइक हातात घेतला.

अन् माझ्या हातातला मामाचा हात हलला.

मला वाटलं माझाच हात हाय. मी स्वतःचा हात आवळला. न्हाई, मामाचाच. आधी बोटं, मग मनगट, मग पार कोपरापर्यंत. मी मामाकडं बघितलं. त्याचा चेहरा फेट्याखाली पांढराफटक. आता काई वेळात ह्याच हातात आंतरपाटाचं टोक द्यायचं होतं. अन् समोर पहिल्या रांगेत ताईच्या सासरची तीच आत्याबाई बसलेली!

"मामा, दारातनं आलास का तू?"

"न्हाई गं. त्या पोलिसानं स्वतः बाजूनं आणलं."

"बॉक्सपाशी गेलतास?"

"न्हाई."

"मोबाइल?"

"मामीकडं." त्याचा आवाजपण बारीक झाला. "राहू दे माय. दादाला सांग धरायला. तुज्या लग्नात हसू नको व्हायला."

"तू धरणार, न्हाईतर मी पायरीच चढत न्हाई," मी म्हणलं. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण वर स्टेजवर उभ्या नवरदेवानं खाली बघितलं. त्यानं मामाचा हात बघितला. अन् मग त्याची नजर मामाच्या छातीवर गेली अन् तिथंच थांबली. मीबी बघितलं.

मामाच्या डाव्या छातीवर, बरोब्बर त्या टेंगळावर, चकचकीत सोनेरी बिल्ला! 'वधूचे मामा'.

आमच्याकडं लग्नात मानाच्या माणसांना बिल्ले लावतात. कपड्याला टाचणीनं टोचायचे. ताईच्या लग्नात त्या टाचणीनं बाबांचा नवा शर्ट फाटलेला, म्हणून दादानं ह्या वेळी नवीन तऱ्हेचे बिल्ले आणले होते. शर्टाच्या आतनं एक पट्टी, बाहेरनं बिल्ला, टक् करून बसतो, भोक न्हाई, काई न्हाई. म्हंजे मॅग्नेट! दादानं स्वतःच्या हातानं, मोठ्या कौतुकानं, आख्ख्या बीड जिल्ह्यातली सगळी लोहचुंबकं मी मामापासनं लांब ठेवलेली असताना, दोन नेमकी त्या डबीवर चिकटवली! अन् मामाला इतका आनंद झालेला की तो छाती फुगवूनच चालत होता.

मी बिल्ला ओढला. आतली पट्टी शर्टातनं खाली पडली, मी बिल्ला लांब फेकला. हात काई थांबंना. बंद पडलेलं मशीन रिमोटनंच चालू होणार होतं, अन् रिमोट मामीच्या पर्समधी, अन् मामी बायकांच्या रांगेत पार मधोमध, साहेबांकडं तोंड करून. मी हाका मारल्या तर माझा आवाज साहेबांच्या आवाजात बुडाला.

मी नवरदेवाकडं बघितलं अन् नुसतं म्हणलं, "रिमोट!"

त्यानं एक शब्द न विचारता स्टेजवरनं उडी मारली. बाशिंग एकीकडं, उपरणं एकीकडं, साहेबांच्या पुढनं आडवा गेला अन् बायकांच्या रांगेत घुसला. सगळा मांडव उठून उभा राहिला. मागनं कुणीतरी ओरडलं, "आरं नवरदेव पळाला!" त्याची आई खुर्चीवरनं उठली ती पार घाबरून. दादा दारात जाऊन आडवा उभा राहिला, त्याला खरंच वाटलं पळून चाललाय! साहेब माइकवरच थांबले अन् म्हणले, "आमचं भाषण लांबलं का?"

नवरदेव मामीला हाताला धरून घेऊन आला. मामीनं मामाचा हात बघितला अन् सगळं समजली. पर्स उघडली. किल्ल्या निघाल्या, पानाची पुडी निघाली, लाडू निघाला. "मामी, लवकर!" "थांब गं, रुमालात बांधलाय!" शेवटी रिमोट निघाला. मामाला लोकांपुढं बटन काढायची लाज, म्हणून नवरदेव त्याचं उपरणं पडद्यासारखं धरून उभा राहिला. मामीनं रिमोट मामाच्या छातीला लावला, चष्मा न्हाई म्हणून डोळे बारीक केले, अन् दाबलं.

अन् मी जलमात पहिल्यांदा मनातनं म्हणत होते, साहेब, बोला, बोला, अजून बोला! अन् साहेब बोलले. रस्त्यावर बोलले, पाण्यावर बोलले, शेतमालाच्या भावावर बोलले, माझ्या आजोबांवर बोलले, ज्यांना ते कधी भेटले न्हाईत. लग्नात पुढाऱ्याच्या भाषणाला कुणी आशीर्वाद दिला असंल तर तो मी दिला.

मामाची बोटं थांबली. मग मनगट थांबलं. मामानं हात समोर धरून बघितला, उलटा केला, सुलटा केला. म्हणला, "पाणी द्या गं कुणीतरी." आईनं ग्लास आणला, काठोकाठ. मामानं तो पिला. एक थेंब न्हाई! मामी म्हणली, "आता दुसरा मागू नका."

साहेबांनी माइक ठेवला. नवरदेव परत स्टेजवर चढला, दादा दारातनं आत आला, अन् मामानं मला हात धरून पायऱ्या चढवल्या.

आंतरपाट आला. मामानं त्याचं टोक धरलं. माझ्या नाकापुढं तो पांढरा कपडा अन् मधी कुंकवाचं स्वस्तिक. पहिली मंगलाष्टक झाली. स्वस्तिक गप. दुसरी झाली. गप! अक्षता पडतायत, कुणी ओरडतंय, फोटोवाल्याचा लाइट डोळ्यात जातोय, अन् माझं लक्ष फक्त त्या लाल रेघांवर. नवऱ्याच्या मामाकडची बाजू जरा खाली आलती, खरं सांगते. आमची बाजू दोरीसारखी सरळ. अन् खालनं त्या आत्याबाईंचा आवाज आला, "आमच्या बाजूनं वारं न्हाई बाई आज." ह्या वेळी मामा सगळ्यात मोठ्यानं हसला, अन् हसतानासुदिक कपडा हलला न्हाई.

शेवटचं सावधान झालं. वाजंत्री सुरू झाली. नवरदेवाच्या मामानं त्यांचं टोक सोडलं, आंतरपाट बाजूला घ्यायचा म्हणून गुरुजींनी ओढला. येईना. परत ओढला. येईना. मामानं टोक सोडलंच न्हाई. कपडा एका बाजूनं खाली लोंबतोय, एका बाजूनं मामानं दोन्ही हातांनी वर धरलाय, अन् मी अन् माझा नवरा हार घेऊन नुसते उभे, एकमेकांचं अर्धंच तोंड बघत.

"मामा, झालं लग्न. सोडा आता," गुरुजी म्हणले.

"मामा, सोड की!" मी म्हणलं.

मामानं माझ्याकडं बघितलंपण न्हाई. तो त्याच्या हाताकडं बघत होता.

"थांब माय," म्हणला, "जरा अजून धरू दे."